दुरेघी कागद

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्याकडे तक्रारपेटी उघडतात. मुख्याध्यापक सर, गावचे पोलीस पाटील, पालकांमधून एक ताई आणि सखी सावित्री समितीतली, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेल्या समितीतली शिक्षिका म्हणून मी. पेटी पत्र्याची, लाल रंगाची, वर चिठ्ठी जाईल एवढी फट. कुलूप गंजलंय, त्यामुळे किल्लीला आधी खोबरेल तेलाचं बोट लावावं लागतं. आत काय निघणार हे आता आम्हाला पाठ झालंय. 'खिचडीत मीठ नसतं.' 'सातवीची पोरं नळावर ढकलतात.' 'पीटीचा तास रोज घ्या.' पाटील एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतात, सर वहीत नोंद करतात, चहा येतो, सह्या होतात. त्या शनिवारी पाच चिठ्ठ्या होत्या. चार वाचून झाल्या. पाचवी अंगठ्याच्या नखाएवढी, इतक्या घड्या घातलेली की पाटलांच्या जाड बोटांना उलगडेना. मी उलगडली. आत काही नव्हतं. अक्षर नाही, रेघोटी नाही, चित्र नाही. दोन्ही बाजू कोऱ्या.

"कुणीतरी गंमत केली असंल," पाटील म्हणाले. सरांनी चार तक्रारींची नोंद करून वही मिटली. मी तो कागद पर्समध्ये टाकला, का टाकला ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

रात्री स्वयंपाक आवरल्यावर तो पुन्हा काढून ओट्यावर पसरला. कागद दुरेघी होता. आमच्या शाळेत दुरेघी वही फक्त पहिली-दुसरीची मुलं वापरतात, तिसरीपासून एकरेघी. म्हणजे लिहिणारं, किंवा न लिहिणारं, लेकरू सहा-सात वर्षांचं. आणि तो नुसता फाडलेला पाठकोरा कागद नव्हता, पूर्ण जोडपान होतं. मधोमध पिनांची दोन भोकं. वहीचं मधलं पान. मुलांना हे फार लवकर कळतं की वहीचं दुसरं कुठलंही पान फाडलं तर त्याचा जोडीदार सुटतो आणि चोरी उघडी पडते. मधलं पान पिना उचकटून काढलं तर कुणाला पत्ता लागत नाही. मग मला पेटीची उंची आठवली. ती ऑफिसच्या दाराशेजारी माझ्या खांद्याइतक्या उंचीवर खिळ्याला टांगलेली आहे. दुसरीतल्या पोराचा हात तिथे पोहोचत नाही. व्हरांड्याच्या कठड्यावर चढावं लागतं, एका हाताने खांब धरावा लागतो आणि दुसऱ्या हाताने चिठ्ठी आत ढकलावी लागते, तीही कुणी बघत नसताना. एवढा खटाटोप करून त्या लेकराने पेटीत काहीच टाकलं नव्हतं.

गंमतीसाठी कुणी इतकं करत नाही.

माझी पहिली शाळा बालाघाटाच्या डोंगरातली. २००५ सालची गोष्ट. दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रकात बसून साखर कारखान्याला जायचं. कोयते, भांडी, कोंबड्या, तान्ही पोरं सगळं घेऊन. मुकादमाची उचल घेतलेली, फेडल्याशिवाय सुटका नाही. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस असेल त्यांची शाळेतली पोरं मागे राहायची. चौथीत एक मुलगी होती. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, खोटं नावही देणार नाही. आईबाप ऊसतोडीला, ही आजीजवळ. पाय मोडल्यामुळे त्या वर्षी फडात न गेलेला एक चुलता घरात. पोरगी भारी गुणाची, असं मी सगळ्यांना सांगायचे. शाळा सुटल्यावर बाकीची पोरं पाखरांसारखी पांगायची, ही वर्ग झाडायची. फळा पुसायची. खडूचे तुकडे डब्यात भरायची. मग माझी पिशवी खांद्याला लावून फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालायची, दीड किलोमीटर, आणि एसटी दिसेपर्यंत थांबायची. तिचं घर शाळेच्या बरोबर उलट्या अंगाला होतं. मला ते माहीत होतं. मी त्याला माया समजत होते. मी नवी होते, एकटी होते, घरापासून लांब होते, आणि कुणीतरी आपल्यावर इतका जीव लावतंय याचं मला सुख वाटत होतं. ते सुख आता आठवलं की पोटात गोळा येतो.

ती दोन झगे घालायची, एकावर एक. मी म्हटलं, थंडी असेल, डोंगराचा वारा बोचरा असतो. पण होळी आली, उन्हाने पत्रे कडकडायला लागले तरी दोन झगे. एकदा मी विचारलं, "अगं उकडत नाही का तुला?" तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटायची तेव्हा तिचं तोंड उतरायचं. मी त्यावर शाळेची आवड असा अर्थ लावला होता. मग एका संध्याकाळी एसटी वळणावर दिसली आणि तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. "बाई, मला बी तुमच्या संगं न्या ना." मी हसले. खरंच हसले. म्हटलं, वेडी कुठली, आजी वाट बघत असेल. तिने पदर सोडला. चढताना कंडक्टर ओरडत होता, मागे वळून बघितलं तेव्हा ती परत निघाली होती, अगदी हळू, रस्त्याच्या कडेकडेने.

त्या रात्री मात्र झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या गुरुजींशी बोलले. माणूस वाईट नव्हता, वर्गावर जीव ओतायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्हाला खात्री आहे का? घरातली बाब आहे. आपण दोन दिवसांचे पाहुणे. उद्या बदली होईल, तुम्ही जाल, गाव इथंच राहील." मला खात्री नव्हती. मी गप्प बसले. आठवड्याने ती शाळेत आली नाही. आजी म्हणाली, आईकडं धाडली कारखान्याला. जूनमध्येही आली नाही. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे मी माझ्या हाताने रेघ ओढली. दोन-तीन वर्षांनी बाजारात तिच्या वस्तीवरची एक बाई भेटली, तिच्याकडून कळलं की लग्न करून दिलं. हिशेब केला तर पोरगी तेव्हा तेरा वर्षांचीही नसेल.

त्या घरात काय घडत होतं हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित खरंच थंडी वाजत असेल तिला.

खात्री हा शब्द तेव्हापासून मला सहन होत नाही. २०१२ साली, १४ नोव्हेंबरला, बालदिनी, पॉक्सो कायदा लागू झाला, मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठीचा. तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. दुपारचं जेवण झाल्यावर सगळे पेंगत होते आणि समोरच्या वकीलबाई कलम १९ वाचत होत्या. गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे त्याने तर कळवायचंच, पण गुन्हा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते त्यानेही पोलिसांना कळवायचं. चांगल्या हेतूने दिलेली माहिती उद्या चुकीची निघाली तरी सांगणाऱ्यावर खटला नाही. गुन्हा माहीत असून गप्प बसणाऱ्याला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि गुन्हेगार संस्थेतलाच, आपल्या हाताखालचा असेल आणि प्रमुखाने दडपलं तर एक वर्षापर्यंत. माझ्या शेजारच्या मॅडम वहीत कलमांचे आकडे उतरवत होत्या. मला फक्त 'धास्ती' ऐकू आली होती. धास्ती पुरते. शहानिशा करणं हे शिक्षकाचं कामच नाही, ते पोलिसांचं. मला एसटीच्या दाराशी जे वाटलं होतं तेवढं पुरेसं होतं, आणि ते कळायला मला सात वर्षं उशीर झाला होता.

मुलं शिक्षकाला का सांगत नाहीत, असं पालकसभेत नेहमी कुणीतरी विचारतं. मी त्यांना त्या तिसरीतल्या मुलाची गोष्ट सांगत नाही, पण मनात तीच येते. मी मारायचे. लिहायला जड जातंय, पण मारायचे, फूटपट्टीने, कधी हाताने, आणि आम्हालाही गुरुजींनी असंच घडवलं म्हणायचे. हा मुलगा सातचा पाढा चुकला. मी खुर्चीवरून उठले. बाकीची पोरं मार चुकवायला हात आडवे धरतात, रडतात, 'नाही बाई नाही बाई' करतात. त्याने तसं काही केलं नाही. आधी पाटी उचलून भिंतीला नीट टेकवली. पेन्सिल तिच्यामागे ठेवली. टोपी काढून मांडीखाली सारली. मग डोळे मिटले आणि गाल पुढे केला. मोडण्यासारख्या वस्तू आधी बाजूला ठेवायच्या हे त्याला कुणीतरी रोज शिकवत होतं. माझा हात वर होता तो तसाच राहिला. वर्गात सूं की चूं नाही. त्याच्या बापाच्या दारूची गोष्ट मला नंतर कळली, पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की त्याच्या दृष्टीने त्याचा बाप आणि मी एकच. २०१० साली शिक्षण हक्क कायदा आला, मुलाला मारायचं नाही आणि मनालाही छळायचं नाही असं त्यात कलम १७ आहे. माझ्या पट्टीचे मी तोवर दोन तुकडे करून चुलीत घातले होते. तरीही त्या मुलाने मला कधी काही सांगितलं नाही. का सांगावं?

आणि हेही सांगते, बरीच वर्षं माझं लक्ष फक्त मुलींवर असायचं. मुलगा मार खातो, उपाशी राहतो, कामाला जुंपला जातो, एवढंच माझ्या डोक्यात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून. त्यातल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच होती. करणारा निम्म्या वेळा ओळखीतला, भरवशाचा. बहुतेकांनी ते तोवर कुणाजवळच उघड केलं नव्हतं. मी ते आकडे वाचले आणि माझ्या वर्गाकडे बघितलं. पटावर तेव्हा ३४ मुलं होती.

सहावीतल्या एका मुलीच्या बाबतीत मात्र मी गप्प बसले नाही. त्याला आता काही वर्षं झाली. तिने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने मला. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, आधी घरच्यांना बोलावून विचारू, शाळेचं नाव आहे. ज्या घरात घडलं त्याच घराला विचारायचं? मी हापशामागे जाऊन १०९८ फिरवला, अडचणीतल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर. दहा नऊ आठ. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून १९९६ साली हे काम सुरू झालं, तेव्हापासून हा आकडा पोरांच्या तोंडी बसावा म्हणून लोक झटतायत. वर्गाच्या भिंतीवर मी स्वतः तो रंगवला होता, पण फिरवताना बोट थरथरत होतं. पलीकडच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "ती आत्ता सुरक्षित आहे का?" शाळा कुठली, तुम्ही कोण, हे सगळं नंतर. त्या एका प्रश्नाने माझे पाय जमिनीवर आले. मी म्हटलं, आहे, माझ्या वर्गात आहे, शाळा पाच वाजता सुटते. "मग पाचपर्यंत तिला सोडू नका."

जबाब घ्यायला फौजदार बाई आल्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. कायद्यातच आहे की लेकरासमोर वर्दीत जायचं नाही. सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि पहिली पंधरा मिनिटं फक्त तिच्या शेळीबद्दल बोलल्या. शेळीचं नाव काय, किती करडं, दूध कोण काढतं. मी दाराबाहेर उभी होते. हळूहळू मुलीचा आवाज वर आला, मग पुन्हा खाली गेला, मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

पुढचं सोपं झालं नाही. बाल कल्याण समितीने तिला बालगृहात ठेवलं. गावात आमच्या दुधवाल्याने रतीब बंद केला. तिची आई शाळेत आली, पोरांसमोर मला म्हणाली, "तुमी माजं घर मोडलं." तिचा हात धरावा असं वाटलं, धाडस झालं नाही. तारखांना मी किरकोळ रजा टाकून जात राहिले. खटला होता होईतो एका वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो, पण वर्ष उलटलं तरी मी जिल्हा न्यायालयाच्या त्याच बाकावर, त्याच चिंचेखाली डबा खात होते. उलटतपासणीत वकील म्हणाले, तुम्हाला स्वतःचं मूल नाही म्हणून दुसऱ्यांच्या घरात डोकावता का? एकदा मी बालगृहात तिला भेटायला गेले. उंच झाली होती, दोन वेण्या घातल्या होत्या, अक्षर सुधारलं होतं. निघताना म्हणाली, "बाई, माझ्या भावाला शाळेत पुढं बसवा, त्याला फळा दिसत नाही." तिला घराची आठवण येत होती. त्याच घराची. मी तिला वाचवलं की तोडलं, हा प्रश्न मी स्वतःला त्या दिवशी येताना एसटीत विचारला आणि अजूनही अधूनमधून विचारते. तरी पुन्हा तसंच काही कळलं तर मी पुन्हा हापशामागे जाईन. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला निकाल वाचून दाखवला होता. न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ला म्हटलं. वाचून झाल्यावर खोली बराच वेळ शांत होती. प्रत्येकाजवळ एकेक न फिरवलेला फोन असणार.

मग बदलापूर झालं. शाळेच्या आतच, शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार, आणि तक्रार घेऊन ठाण्यात तासन्‌तास थांबलेले आईबाप. २० ऑगस्ट २०२४ला माणसं रेल्वेच्या रुळांवर उतरली तेव्हा मी स्टाफरूममध्ये मोबाइलवर ते बघत होते आणि मला संताप येत होता आणि त्याहून जास्त शरम वाटत होती. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी सोडायला आलेल्या आया नेहमीसारख्या वळून गेल्या नाहीत, थांबून आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. बरोबरच होतं त्यांचं. लगेच आदेश आला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. पेटीचा आदेश २०१७ सालीच निघाला होता, समितीचा २०२२ साली. आमची पेटी तोवर कपाटावर धूळ खात पडली होती, ती पुसून खिळ्याला टांगली. त्याच आठवड्यात आमचे नवे सर, वय पंचवीस-सव्वीस, माझ्याजवळ आले. पहिलीतलं एक पोर पायरीवरून पडून गुडघा फुटला होता, रडत होतं. सर म्हणाले, "मॅडम, मी त्याला उचलून घेऊ ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, सगळ्यांच्या समोर, व्हरांड्यात, खुशाल उचला. त्यांनी उचललं. पण त्यांनी तो प्रश्न विचारावा लागला याचं दुःख मला अजून आहे, आणि विचारला हे बरं झालं असंही वाटतं.

त्या कोऱ्या कागदाकडे परत येते. सोमवारी मी शुद्धलेखन तपासायच्या निमित्ताने दुसरीच्या २७ वह्या मागवल्या. हे बरोबर की चूक यावर रविवारभर डोकं फिरलं होतं. पेटीत नाव न लिहिता टाकता येतं म्हणून तर मुलं टाकतात. मीच शोधायला निघाले तर ती पेटी कसली? पण ज्याला लिहिताच येत नाही, किंवा लिहिण्याजोगे शब्दच ज्याच्याजवळ नाहीत, त्याने मला दुसरं काय द्यावं? वह्या एकेक करून मधोमध उघडल्या. पहिलीच्या वह्याही दुसऱ्या दिवशी बघितल्या, सगळ्या धड होत्या. दुसरीत दोन वह्यांच्या पिना उचकटलेल्या निघाल्या. एका मुलीने विचारायच्या आतच सांगून टाकलं की तिने होडी केली. दुसरी वही एका मुलाची. त्याला मी काहीच विचारलं नाही.

सरांना मात्र सगळं सांगितलं, तारखेनिशी लिहूनही ठेवलं. कायदा म्हणतो धास्ती पुरते, आणि माझ्या हातात अजून धास्तीही पुरती नाही, मधलं पान गेलेली एक वही आहे. ती धास्ती होईल त्या दिवशी मी कुणाला विचारत बसणार नाही. त्याला घ्यायला रोज कोण येतं, तो कुणाबरोबर जायला निघतो आणि कुणाबरोबर जाताना पाय ओढतो, ते मी फाटकापाशी उभी राहून बघते. पेटी आम्ही ऑफिसजवळून काढली. आता ती वाचनकोपऱ्यात, माझ्या कमरेइतक्या उंचीवर आहे. दुसरीत तीन दिवस शरीराचा पाठ घेतला, आपलं अंग आपलं, कुणी काही केलं आणि 'सांगू नको' म्हणालं तर तेच आधी सांगायचं. बाकी पोरं खिदळत होती. तो माझ्या हातातल्या खडूकडे बघत होता.

मधल्या सुट्टीत मी हल्ली स्टाफरूममध्ये जात नाही. व्हरांड्यात, कठड्याजवळ, ताट घेऊन बसते. पहिले दोन दिवस तो लांबून बघून गेला. तिसऱ्या दिवशी येऊन बसला, माझ्यापासून हातभर लांब. आता रोज बसतो. बोलत नाही, मीही विचारत नाही. खिचडी खाताना शेंगदाणे बाजूला काढून ठेवतो आणि शेवटी एकेक करून खातो. काल त्याने त्यातले दोन उचलले, थोडा वेळ मुठीत धरले आणि माझ्या ताटात ठेवले.